एका नावाखाली चार

१२ जानेवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजसमोरची खूण सहा वर्षं एकच आहे, म्हणून कागद.

काम अगदी छोटं आहे. तुझी नमुन्यांची वही, हिरव्या पुठ्ठ्याची, तुझ्याकडे असेल तर पाठवून दे. चाळीस नमुन्यांची पाकिटं इथे कपाटात आहेत, पण त्यांच्यावर नुसते आकडे आहेत. कुठला नमुना कुठल्या भिंतीवरचा, ते फक्त त्या वहीत. जाताना ती तू घेऊन गेलीस. खरं तर ती संस्थेची मालमत्ता, पण मी तो विषय काढत नाहीये.

हे पत्र आई आधी उघडणार, म्हणून चार ओळी तिच्यासाठी. आई, तुझ्या घरात, म्हणजे धाकटीच्या घरात, गच्चीच्या कठड्यावर ते करडं, पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं ना, ते दगडफूल. ते एक झाड नाही. एक बुरशी आणि एक शैवाल यांनी एकत्र थाटलेला संसार आहे तो. बुरशी घर देते, शैवाल उन्हावर अन्न करतं. तुझ्या दोन्ही मुली एकेकाळी त्यावर काम करायच्या, एक साहेबीण म्हणून आणि एक प्रयोगशाळा सहायक म्हणून. आता पत्र बंद कर आणि जिचं आहे तिला दे.

बारके, विशेष काही नाही. एका प्राध्यापकांना आमच्या जुन्या कामात रस आहे, त्यांनी जागा विचारल्या आहेत, इतकंच. आठवडाभरात मिळाली तर बरं.

ताई


२ फेब्रुवारी

बारके,

तीन आठवडे झाले. आईला फोन केला तर म्हणाली, "पत्र फ्रिजवर ठेवलंय तिने. रोज त्याच्यावर किल्ल्या ठेवते." मी म्हटलं, "तू सांग ना तिला." तर म्हणाली, "मला मधे घेऊ नका. दोघी घोड्याएवढ्या झालात." आणि फोन ठेवला. माझ्या तोंडावर!

ठीक आहे. सरळ सांगते, म्हणजे उगाच ताटकळत राहायला नको.

ते प्राध्यापक रस घेऊन बिऊन आलेले नाहीत. ते इतर ठिकाणच्या दगडफुलांची जनुकं तपासतात. डोळ्यांना एकच दिसणारी प्रजाती आतून दोन-तीन निघते, असं त्यांना बऱ्याच ठिकाणी आढळलं. त्यांनी नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे नमुने मागितले. मी सरळ नाही म्हटलं असतं, पण साहेबांनी परस्पर हो म्हणून टाकलं. साहेब म्हणजे आत्ताचे संचालक, तू गेल्यानंतर आले. आता कपाटातून द्यायला काय होतं? तुझीच चाळीस पाकिटं. थोरल्या सरांनी तेव्हा संचालक असताना 'सरमिसळ, बाद' असा शेरा मारून खालच्या कप्प्यात टाकली होती, ती.

त्यांनी प्रत्येकातून नखाएवढा तुकडा घेतला, त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या यंत्रावर, त्यांच्या माणसांनी. चार ढीग पडले. सतरा, अकरा, नऊ आणि तीन.

तुझ्या वेळेलाही चारच ढीग पडले होते. सतरा, अकरा, नऊ, तीन.

झालं समाधान? नमुने मिसळलेले नव्हते. ती मुळातच चार वेगळी दगडफुलं आहेत आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना एकच नाव दिलं होतं. तुझं बरोबर होतं. सरांचा तेव्हाचा स्वभाव तुला माहीत आहे, त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं? मी तरी काय करणार होते.

आता मला जागा हव्या आहेत. चारांतली कुठली कुठे वाढते, हे कळल्याशिवाय पुढे काही होत नाही. वही पाठव.

ताई


१९ फेब्रुवारी

बारके,

आज डोकं फिरलंय, त्यामुळे अक्षर वाईट आहे.

प्राध्यापक म्हणाले, तुमच्याकडेही एकदा करून बघा, म्हणजे दोन्हीकडचं जुळलं असं लिहिता येईल. म्हणून मी स्वतः बसले. किती वर्षांनी पिपेट हातात धरला! तू जायच्या आधीही मी नुसती सह्याच करत होते म्हणा. पापुद्रा कुटायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, मग हवा तो तुकडा यंत्रात वाढवायचा, मग जेलच्या वडीत प्रत्येक नमुन्याच्या खणाखाली पट्टी दिसते का बघायचं. पहिल्या दिवशी जेल कोरा. दुसऱ्या दिवशी जेल कोरा. तिसऱ्या दिवशी यंत्राचं झाकणच लागेना, तर दुरुस्तीवाला येऊन सांगतो, "बाई, हे मॉडेल आता कंपनीसुद्धा विसरली." चौथ्या दिवशी पट्ट्या आल्या, पण आल्या त्या रिकाम्या खणातही. म्हणजे माझ्याकडूनच काहीतरी मिसळलं होतं. माझ्याकडून. हसू नकोस.

तू हे एकटी करायचीस आणि रिकामा खण रिकामाच असायचा. मला आठवलं, आई शेजारणीला अभिमानाने सांगायची, "धाकटी दिवसभर जेलमध्ये असते," आणि त्या बाई दोन महिने आपल्या घरी आल्या नाहीत.

शनिवारी थोरल्या सरांकडे गेले. निवृत्त होऊन आता घरी असतात, गुडघ्यांवर शाल टाकून खिडकीत बसतात. मी चार ढिगांचा कागद समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हे त्याच पोरीचे नमुने ना?"

"हो सर, पण काम तिचं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत केलंय. सगळं नव्याने."

"मग नमुने तेव्हाच खराब झाले असणार. खराब नमुन्यातून चांगलं कसं येईल?"

"सर, खराब नमुन्यातून एक घोळ येतो. नीट चार गट येत नाहीत, तेही दोनदा तेच."

"अगं, मी चाळीस वर्षं भिंगातून बघतोय त्याला. एक आहे ते. रंग बघ, कड बघ, फळं बघ. एक!"

"दिसायला एकच आहे सर. आतून चार आहेत."

त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "त्या एकावरच तुझा निबंध उभा आहे," म्हणाले. "शहरातल्या हवेचा तुझा नकाशा आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा असेल तर घे. माझं नाव घेऊ नकोस."

मग काकूंनी पाणी आणलं आणि आम्ही हवापाण्यावर बोललो. मी तिथून निघाले तेव्हा कानशिलं तापली होती. ते चुकत होते म्हणून नाही. ते जे बोलले ते मीही मनात बोलून झालं होतं म्हणून.

तुझ्यासाठी एक विचार केला आहे. चारांपैकी तीन प्रजातींना नवी नावं द्यावी लागतील. त्यातल्या एकीला तुझं नाव देऊ. पुस्तकात कायमचं राहील. असा मान भल्याभल्यांना मिळत नाही. प्राध्यापकही तयार आहेत.

आता तरी वही पाठवशील ना?

ताई


८ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांत पहिलं, आणि तेही सहा ओळी. मी ते इतक्यांदा वाचलं की तोंडपाठ झालं. तरी इथे उतरवून काढते, म्हणजे आपण दोघी एकाच मजकुरावर बोलतोय हे नक्की होईल:

"वही माझ्याकडे आहे, जपून ठेवली आहे. कुठल्याही बुरशीला माझं नाव देऊ नका. तीन प्रयोगशाळांनी मला घेतो म्हणून शेवटच्या क्षणी नकार दिला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंना दया आली, त्यांनी माझ्या फायलीतला कागद दाखवला. 'कामात निष्काळजी, नमुन्यांची सरमिसळ, विश्वास ठेवता येणार नाही.' अक्षर तुमचं आहे, सही तुमची आहे. तो कागद काढा, मग वही मिळेल."

देऊ नका. काढा. मी तुला 'अहो' कधीपासून झाले गं? तुझ्या वेण्या घातल्या आहेत मी.

मला राग आला होता. खूप आला होता. चार दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, की मी चांगुलपणाने मान देऊ करतेय आणि ही बाई कागद मागते. आईने सांगितलं होतं तू चष्म्याच्या दुकानात आहेस, मला वाटलं तुला आवडतं तिथे. तुला कुणी नाकारलं हे आईने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

तो शेरा बाहेर जाईल हे मला माहीत नव्हतं. ती आतली नोंद असते. म्हणजे, असायला हवी.

असो. मी आस्थापना विभागात गेले. तिथले फायलीवाले काका तुला आठवत असतील, स्वेटरच्या बाहीत पेन खोचणारे. अजून तिथेच आहेत, स्वेटरही तोच असावा.

"काका, एका जुन्या फायलीतला कागद काढायचा आहे."

"काढायचा?" ते म्हणाले. "मॅडम, लावायचा अर्ज आहे माझ्याकडे. काढायचा नाही."

"चुकीचा कागद आहे."

"सगळेच म्हणतात."

"अहो, मीच लिहिलेला आहे तो!"

"मग तर काढताच येणार नाही. लिहिणाऱ्यानेच काढायला लागला तर फाइल कशाला म्हणायचं तिला?"

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले विधी विभागाला विचारा. विधी विभाग म्हणाला आस्थापनेला विचारा. पुन्हा काकांकडे गेले, तर ते डबा खायला गेले होते. दोन मजले, चार खेपा, आणि एक माणूस धड सांगेना. मी जिन्यात बसले आणि रडले. सांगायला लाज वाटते, पण रडले. जो कागद लिहायला मला तीन मिनिटं लागली होती, तो काढायला इमारतीत कुणाच्या बापाला जमत नव्हतं.

प्रयत्न चालू आहे. तोवर वहीची निदान झेरॉक्स पाठवलीस तर?

ताई


२१ मार्च

बारके,

झेरॉक्स येणार नाही, हे आईकडून कळलं. तुझा निरोप तिने शब्दशः सांगितला: "आधी कागद." शेवटी ती आपणहून म्हणाली, "तू काय केलंयस ते मला माहीत नाही, पण ती झोपेत दात खाते." मग फोन ठेवला. आईला फोन ठेवायची हौसच आहे.

गेले दोन आठवडे मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. चार पत्रांत मी तुला सरांबद्दल सांगितलं, यंत्राबद्दल सांगितलं, काकांबद्दल सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही.

तुला तो सोमवार आठवतो ना? तू माझ्या खोलीत आलीस, हातमोजे तसेच होते. म्हणालीस, "ताई, सर ऐकत नाहीत. तू एकदा स्वतः करून बघ. दोनच नमुने कर." मी म्हटलं, "मी बघितलं. तुझाच गोंधळ आहे." तू हातमोजे काढून माझ्या टेबलावर ठेवलेस आणि गेलीस.

मी बघितलं होतं, हे खरं होतं. आधीच्या आठवड्यात, रविवारी दुपारी, संस्थेत कुणी नसताना. सात नंबरचं पाकीट आणि एकोणतीस नंबरचं. दोन्ही स्वच्छ आले. रिकामा खण रिकामा. डीएनएच्या अक्षरांचा क्रम बाहेरून वाचून मागवला, तो त्या सोमवारी सकाळी साडेनऊला आला, तू यायच्या अर्धा तास आधी. दोन्ही वेगवेगळे. सात तुझ्या सतरांच्या ढिगात बसला, एकोणतीस तुझ्या अकरांच्या. अक्षर न् अक्षर.

गोंधळ तुझा नव्हता हे मला तू दारात उभी असताना माहीत होतं.

आणि मी ते पान संगणकावरून पुसलं.

का, ते लिहिते. सबब म्हणून घेऊ नकोस. नकाशाचा निबंध स्वीकारला गेला होता, शेवटचा मसुदा महिन्याभरात द्यायचा होता. सगळ्या शहरात एकच दगडफूल आहे आणि ते नाजूक आहे, त्यामुळे जिथे ते वाढतं तिथली हवा स्वच्छ, हा त्याचा सगळा पाया. एक चार झालं की पाया गेला. त्या निबंधावर मला गटप्रमुख करणार होते, हे मला आतून कळलं होतं. सरांनी सांगितलं, "तिचा शेरा तू लिही, ती तुझ्या हाताखाली आहे." मी लिहिला. कुणी मनगट धरलं नव्हतं.

नंतर कुणी विचारू नये म्हणून मी स्वतः सहा नवे नमुने घेतले. सहाही आपल्या संस्थेच्या आवारातल्या एकाच भिंतीवरचे. सहाही सारखे आले. येणारच. ते सहा मी निबंधात 'जनुकीय पडताळणी' म्हणून घातले.

आणि हेही सांगते, कारण एकदा सुरू केलंय तर. मला तुझा रागही आला होता. सहायक म्हणून मी तुला लावलं, आणि माझ्या सहा वर्षांच्या कामाला तू तीन महिन्यांत भोक पाडलंस. ते सुद्धा किती साधेपणाने! "ताई, बघ ना, गंमतच आहे," म्हणाली होतीस पहिल्यांदा. गंमत.

वहीसाठी लिहीत नाहीये हे. वही ठेव.

ताई


९ एप्रिल

बारके,

सोबत एका कागदाची झेरॉक्स आहे. पत्र वाचायच्या आधी तोच वाचशील, तरी कसा झाला ते सांगते.

कागद निघत नाही. हे आता नक्की झालं. पण फायलीवाले काका परवा स्वतःहून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "मॅडम, काढता येत नाही, पण वर लावता येतो. फाइल उघडली की आधी वरचा दिसतो. नोंद दुरुस्तीचा अर्ज भरा." मी म्हटलं, "हे महिनाभर आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुम्ही काढायचं विचारत होतात."

अर्जात 'दुरुस्तीचं कारण' म्हणून चौकोन आहेत. नावात बदल. जन्मतारखेत बदल. पत्त्यात बदल. इतर. मी 'इतर'वर खूण केली. त्यापुढे इंचभर रेघ. मी घरून दोन पानं टाइप करून आणली होती, सगळी पार्श्वभूमी, प्राध्यापकांचे निष्कर्ष, त्या काळच्या तंत्राच्या मर्यादा. काकांनी ती पानं उलटसुलट बघितली.

"जोडपत्र कुणी वाचत नाही मॅडम. रेघेत मावेल असं लिहा."

"इंचभर जागेत?"

"लोकांच्या जन्मतारखा मावतात."

मी पेन घेतलं आणि उभी राहिले. मागे रजेच्या अर्जाची रांग होती. एक ड्रायव्हर म्हणाला, "बाई, जरा लवकर." मग मी लिहिलं: 'शेरा खोटा. मी जाणून लिहिला.'

मावलं.

काकांनी वाचलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "हे असंच ठेवायचं?"

"असंच."

"मग शिक्का जरा खाली मारतो. अक्षरावर नको."

त्याची एक प्रत साहेबांकडे गेली, ते ओघाने आलंच. त्यांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेवढं बरं. म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे आधी यायला हवं होतं." मी म्हटलं, "सहा वर्षं आधी यायला हवं होतं." गटप्रमुखपद गेलं. चौकशी बसेल. निबंध मागे घेत असल्याचं मी मासिकाला कळवलंय, सगळी कारणं देऊन. पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा फोन आला, फार चिडले होते. आमच्या नकाशावर विसंबून त्यांनी कारखान्यामागच्या वस्तीत हवा मोजायची यंत्रं लावलीच नव्हती. "तुम्हीच लिहिलं होतं ना, दगडफूल आहे म्हणजे हवा चांगली?" मी हो म्हटलं. त्या वस्तीत खोकणारी माणसं असतील, हे मी आजवर नकाशावर कधी बघितलं नव्हतं. तिथलं दगडफूल चारांतलं कुठलं, ते मला सांगता येत नाही. धूर सोसणारं असेल तर सहा वर्षं आम्ही त्या लोकांना चुकीचं सांगितलं.

ते तुझ्या वहीत आहे. पण मी मागत नाहीये. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

ताई


२९ एप्रिल

बारके,

काल तू समोर होतीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागदच.

तू येणार हे आईने सांगितलं नव्हतं. मी प्रयोगशाळेत खुर्चीवर चढून वरची बाटली काढत होते, आणि दारातून आवाज आला, "पहिला नंबर: पाण्याच्या टाकीचा चौथरा, उत्तरेची बाजू." मी खुर्चीवरून पडायची राहिले. मी बस म्हणायच्या आत तू स्टुलावर बसलीस, वही उघडलीस, आणि मी पेन शोधेपर्यंत दोन नंबरवर गेलीससुद्धा.

वही तू हातात दिली नाहीस. चांगलं केलंस. चाळीसच्या चाळीस वाचून दाखवल्यास. मी लिहीत गेले, मधे एकदा 'पूर्व' ऐवजी 'पश्चिम' लिहिलं तर उलटं बसूनही तुला दिसलं. चहा घेतला नाहीस. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलीस. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा म्हणालीस, "एकोणतीस: कारखान्यामागची भिंत, खालचा थर," आणि मला तेही लिहून घ्यावं लागलं.

अकरांच्या ढिगातली नऊ त्या भिंतीवरची निघाली. बाकीची दोन रेल्वेच्या यार्डातली. त्या ढिगातलं एकही स्वच्छ हवेच्या जागेवरचं नाही. म्हणजे धुराजवळ तेवढं एकच तग धरून आहे. इतर तिघी तिथे नाहीतच. आज सकाळी मी हे पालिकेच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं, तुझ्या नावासकट, म्हणजे नमुने कुणी गोळा केले आणि आधी कुणी तपासले ते. तेवढं नाव तरी लिहू दे. यंत्रं पुढच्या आठवड्यात लावतो म्हणालेत. लावतील तेव्हा खरं.

आपण त्या भिंतीपाशी गेलो ते सांगायचं राहिलं, म्हणजे तुला काय सांगायचं, तू होतीसच. पण मी नीट बघत होते. तू उकिडवी बसलीस, ओढणी नाकावर घेतलीस, आणि चाकूचं टोक पापुद्र्याखाली असं सरकवलंस की दगडाला ओरखडा नाही. मागे एका घरात कुणीतरी सारखं खोकत होतं. मी भिंग घेऊन वाकून वाकून बघत होते. रंग तोच, कड तीच, फळं तीच. हे इतर तिघींहून वेगळं आहे हे माहीत असूनही मला तेच एक दिसत होतं. इतकी चिडले की भिंग खिशात कोंबलं आणि विचारलं, "तुला तेव्हा कसं ओळखू आलं? मला सांग तरी. काय बघितलंस तू, जे मला आणि सरांना दिसलं नाही?"

तू वर बघितलंस. चेहऱ्यावर सहा वर्षांपूर्वीचंच काहीतरी होतं, राग म्हणावा तर तेवढा नाही.

"काही नाही गं," तू म्हणालीस. "मला कुठे काय ओळखू आलं? मलाही सगळी सारखीच दिसतात. जे आलं, ते मी लिहिलं."

मग चाकू पुसलास आणि पुढचं पाकीट मागितलंस. मी दिलं.

ताई